ज्येष्ठा कोण, कनिष्ठा कोण?

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. दोन मुली. थोरलीला पंधरा पूर्ण झाली, धाकटी साडेबाराची. धाकटीला अकराव्या वर्षीच पाळी आली, थोरलीला चौदाव्या. उंचीलाही धाकटी आता तीन बोटं वर आहे. यंदा महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी हसत विचारलं, "यातली ज्येष्ठा कोणती गं, कनिष्ठा कोणती?" तेव्हापासून थोरली दार लावून बसते, बहिणीशी बोलत नाही. धाकटीला आखूड झालेला चांगला कुर्ता थोरलीला दिला, तर तिने तो माळ्यावर भिरकावला. धाकटी बिचारी शहाणी, उलटून बोलत नाही. हल्ली शाळेतूनही दप्तर छातीशी धरून गुपचूप येते. थोरलीला कसं समजवावं?

उत्तर : काकूंचं सोडा, त्या बोलून फराळ करून घरी गेल्या. कुर्ता तुम्ही दिलात. आपल्याकडे कपडे थोरलीचे धाकटीकडे उतरतात. तुमच्याकडे ते उलटे चढले, आणि ते चढवणारी आई होती. भिरकावला नसता तरच नवल!

महालक्ष्म्या उभ्या करताना एखादी खाली वाटली तर आपण तिच्याखाली पाट सरकवतो. मुलींचं तसं नसतं. मुलीच्या शरीरातले बदल आठव्यापासून तेराव्या वर्षापर्यंत कधीही सुरू होतात, सख्ख्या बहिणींतही. उंचीची मोठी उसळी पाळीच्या आधी येते, नंतर साधारण दोन वर्षांत वाढ थांबत येते. म्हणजे धाकटीची झेप बरीचशी घेऊन झाली. थोरली अजून थोडी वाढेलही, पण "तू तिला गाठशील" असलं काही कबूल करू नका. पंधरा उलटूनही पाळी आली नसती तर डॉक्टरांकडे जा म्हटलं असतं. तिला वेळेत आली आहे.

मीही थोरली, आणि बुटकी. रामबागेत आमच्या घरी पाहुणे आले की आम्हा दोघींना पाठीला पाठ लावून उभं करत. मी चिडून गच्चीवर जायची, म्हणून मला सगळे समजावत. बहीण हळूहळू पोक काढून चालायला लागली. आई वर्षभर तिच्या पाठीला तेल चोळत होती! खरं काय ते मला माझ्या लग्नाच्या फोटोत दिसलं. ती माझ्या शेजारी उभी, आणि सगळ्यांत तिच्याच साडीचे काठ जमिनीवर गोळा झालेले. गुडघे वाकवून उभी होती.

म्हणून तुमच्या पत्रात मला थोरलीपेक्षा ते दप्तर जास्त खटकलं. साडेबाराची मुलगी सोळाची दिसते, मग घरचेही "एवढी मोठी झालीस" म्हणून शहाणपणा मागतात आणि रस्त्यावरचे भलतं बघतात. कुणी काही बोलतं का, हे आधी विचारा. समोर बसवून नको, भाजी निवडता निवडता. आतले कपडे नीट मापाचे आहेत का बघा, दुकानात तिला स्वतः निवडू द्या. गप्प आहे म्हणून शहाणी म्हणू नका, दोघींच्या देखत तर मुळीच नको.

थोरलीला समजावायला जाऊ नका. तिला एकटीलाच शिंप्याकडे न्या, तिच्या मापाचा, तिच्या पसंतीचा कुर्ता शिवा. थंडी पडली की रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला न्या, तेही एकटीला. पुढच्या खेपेला धाकटी. बोलायला लावायचं नाही. गराडू गरम असतो, तोंड तसंही भाजतं.

आणि माळ्यावरचा तो कुर्ता उद्याच भांडेवालीला देऊन टाका. एखादी वाटी तरी पदरात पडेल.