बटण दाबून धरलं की ५५५ टायमर आयसीचं आउटपुट वरच राहतं, एकच पल्स कसा मिळेल?

बटण थेट पिन २ (ट्रिगर) ला जोडू नका; मध्ये १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर घाला आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून पुरवठ्याला १०-१० किलोओहमचे रेझिस्टर द्या. पिन २ चं व्होल्टेज पुरवठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेलं की पल्स सुरू होतो, पण १.१ × आर × सी (आर आणि सी म्हणजे पल्सची लांबी ठरवणारे रेझिस्टर आणि कपॅसिटर) एवढा वेळ उलटल्यावरही ती पिन खालीच असेल तर आउटपुट उतरत नाही. तुमचं नेमकं हेच होतंय. कपॅसिटर घातला की पिन जेमतेम ४० मायक्रोसेकंद खाली राहते, मग बोट बटणावर कितीही वेळ असू दे.

मात्र बटण सोडताना त्याचे संपर्क थरथरतात आणि तेवढ्यावर दुसरा पल्स निघू शकतो. त्यासाठी बटणाला समांतर १ मायक्रोफॅरड लावा. पिन ४ (रीसेट) मोकळी सोडू नका, पुरवठ्याला जोडा.