पेटीवरची चाल कॉम्प्युटरला कशी सांगायची?

प्रश्न : अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात भजनी मंडळ आहे, पोरांना मी पेटी शिकवतो. चाली टाइप करून ठेवतो, पण मोबाइलवर पाठवल्या की कोमल स्वराखालची रेघ अन् मंद्राचं, म्हणजे खालच्या सप्तकाचं, टिंब भलतीकडंच जातं. भाची म्हणते, प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहा. जमतं का खरंच?
– एक पेटीमास्तर

उत्तर : जमतं, मास्तर. अन् हे काही आजचं खूळ नाही. मॅक्स मॅथ्यूज यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९५७ सालीच प्रोग्राम लिहून कॉम्प्युटर वाजवला होता.

छपाईसाठी लिलिपाँड आहे. साध्या अक्षरांत सूर लिहायचे, की देखणी पीडीएफ निघते. पण ती पाश्चात्त्य पाच रेघांची, आपल्या सारेगमच्या भातखंडे लिपीतली नव्हे. भजनाच्या पोरांना आधी त्या रेघा शिकवा, असं मी तरी म्हणणार नाही.

तुम्ही सॉनिक पाय घ्या, म्हणजे लिहिलेली चाल वाजवून दाखवणारा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. त्यात सुरांना आकडे आहेत. पांढरी एकचा मधला सा ६०; पुढची प्रत्येक पट्टी, काळी असो की पांढरी, एकानं वाढते. म्हणजे भूप राग झाला ६०, ६२, ६४, ६७, ६९ अन् वरचा सा ७२. पण हे आकडे चालीत लिहूच नका. वर एकदा सा म्हणजे ६० असं ठरवा अन् खाली सा अधिक २, सा अधिक ४ असं लिहीत जा. बुवांनी ऐनवेळी काळी दोन मागितली, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीचा सा, तर वरच्या ६० चे ६३ करा, अख्खी चाल चढते. 'प्ले' म्हणजे वाजव, 'स्लीप' म्हणजे तेवढं थांब. स्लीप विसरलात तर सगळे सूर एकदम कोकलतात! तबल्याचे बोलही त्यात आयते आहेत, ठेका फिरता ठेवता येतो.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, लिहिणं मात्र किचकट. पण ती पेटीवर तरी कुठं निघते?

राहिला मोबाइल. त्यासाठी लिलिपाँडचीच खूण उसनी घ्या : मंद्राला सुरापुढं स्वल्पविराम, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वरचा स्वल्पविराम. कोमलाला नुसतं 'को' जोडा. ही सगळी साधी अक्षरं, कुठल्याही फोनवर जागची हलत नाहीत.