करडू मेले आणि नाव गिधाडाचे

प्रश्न : आमचे गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. या हंगामात शेजाऱ्यांची दोन करडे मेली आणि दोन्ही वेळा सकाळी त्यांवर पांढरी गिधाडे बसलेली दिसली. पुढचे मढे विष लावूनच टाकीन, असे ते म्हणतात. त्यांना कसे समजवावे?

उत्तर : आधी त्यांचे नुकसान मान्य करा. शेळी ही कोरडवाहू घरातली अडीनडीची शिल्लक असते. ती गेली की माणसाचा राग समोर जे दिसते त्यावरच निघतो. बिबट्या रात्रीच निघून गेलेला असतो, कुत्री पांगलेली असतात, आजार तर दिसतच नाही, आणि उजाडल्यावर चोच माखलेले पाखरू तेवढे समोर उरते. अशा वेळी गिधाडाचे उपकार ऐकवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

त्यापेक्षा त्यांच्यासोबत मढ्याजवळ बसा. करडाच्या खुरांखालचे मऊ, पिवळसर आवरण झिजलेले नसेल, तर ते कधी उभेच राहिले नव्हते. गळ्यावर सुळ्यांच्या खोल खुणा आणि कातडीखाली साकळलेले रक्त असेल, तर बिबट्याचा संशय घ्यावा. मांड्या फाटलेल्या असतील, तर बहुधा कुत्री. मेल्यानंतर पाखरांनी डोळे किंवा जीभ टोचली असेल, तर तेथे रक्त साकळत नाही. गिधाडाच्या पायात घारीसारखी पकडही नसते. कावळे मात्र नुकत्याच जन्मलेल्या दुबळ्या करडाला टोचतात; त्यामुळे पाखरांविषयीचा शेजाऱ्यांचा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही, आणि म्हणून व्यायला आलेली शेळी गोठ्यातच ठेवावी.

विषाने राखणीची कुत्रीही मरतात आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने, त्या गुरांची मढी खाऊन, गिधाडे इतकी मेली, की २००६ मध्ये त्या वापरावर बंदी आणावी लागली. आता उरलेल्यांतली दोन गेली तरी ते नुकसान लवकर भरून निघत नाही. तरीही हे सारे शेवटी सांगावे, कारण राग तापलेला असताना कायद्याचे नाव धमकीसारखे लागते.

बिबट्याच्या खुणा दिसल्यास ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मढे हलवू नका. भरपाईची वाट तेथूनच निघते. पुढच्या वेळी असे घडले, तर त्याच सकाळी मढ्याचे फोटो काढायला आणि अर्ज लिहायला आपण स्वतः शेजाऱ्यांसोबत राहा.