सुताराकडचा ताजा लाकडी भुसा झाडांना आच्छादन म्हणून चालतो का?

चालतो, पण मातीवर नुसता पसरायचा, मातीत कालवायचा नाही. भुशात कार्बन भरपूर आणि नत्र जवळजवळ नाहीच; तो कुजवणारे जिवाणू लागणारं नत्र मातीतून ओढतात. कालवला की मुळांशीच टंचाई होते आणि खालची पानं पिवळी पडू लागतात. वर पसरलेला असला की ही ओढाताण मातीच्या अगदी वरच्या पातळ थरापुरती राहते.

बारीक भुशाची खरी कटकट वेगळीच. तो दबून पापुद्रा धरतो, मग पाणी वरून वाहून जातं आणि खाली माती कोरडी ठणठणीत. म्हणून २-३ सेंमीच टाका, तोही सुक्या पानांत मिसळून. (नुसती पानं असतील तर ५-७ सेंमी थर बिनधास्त द्या, माझी पसंती त्यांनाच.) आधी पाणी घाला, मग आच्छादन, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर ओलीने साल कुजते. अधूनमधून थर बाजूला सारून बोट खुपसून ओल बघा.

प्लायवूड किंवा एमडीएफचा भुसा मात्र नको, त्यात रासायनिक गोंद असतो. नुकतं बी पेरलेल्या वाफ्यावरही टाकू नका.