दहावीचं इंग्रजी: अनसीन, तोंडी परीक्षा आणि ओळीवरची पेन्सिल

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. बहीण दहावीला, मराठी माध्यम, यवतमाळकडचं खेडं. इंग्रजी कुमारभारतीचा, म्हणजे पाठ्यपुस्तकाचा, धडा काढला तर ओळीओळीचा अर्थ धडाधड सांगते, पण सहामाहीत अनसीनला, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या, आधी न वाचलेल्या उताऱ्याला, १५ पैकी ४. मॅडमनी उतारा वाचून दाखवला आणि प्रश्न विचारले, तर कागद कोरा. तालुक्याला शिकवणी चालूच आहे, म्हणून चुकतंय कुठे ते तुम्हाला उमगत नाही. आमच्या घरी हेच दुखणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी शिक्षक नाही, बोर्डातलाही नाही. खाली जे गुण सांगतोय ते तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० लेखी आणि २० तोंडी या पद्धतीचे आहेत. यंदाची नमुना कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका (तिच्यातल्या प्रश्नांना 'कृती' म्हणतात), शाळेतून एकदा बघून घ्या. टेन्स, व्हॉइस, पत्रलेखन यावर काही लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने पडले आहेत.

आधी बहिणीचं इंग्रजीचं पुस्तक उघडून पाहा. बहुतेक प्रत्येक ओळीच्या वर बारीक अक्षरात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेला सापडेल. 'फार्मर'वर 'शेतकरी', 'व्हिलेज'वर 'खेडे', 'वॉटर'वर 'पाणी'. तिसरीपासून येणाऱ्या शब्दांवरसुद्धा. 'ही हॅड गॉन टू द मार्केट' असं वाक्य असेल तर त्याच्या वर 'तो होता गेलेला ला बाजार'. हे ना मराठी, ना इंग्रजी. पण पोरीला ते पाठ असतं आणि धड्याचा अर्थ विचारला की तेच थोडं सारखं करून ती सांगते. आपल्याला वाटतं, वा, इंग्रजी समजतं हिला.

होतं काय, की डोळा इंग्रजी ओळीवर थांबतच नाही, सरळ वरच्या पेन्सिलीवर जातो. वाक्य कुठून सुरू झालं, कर्ता कोण, 'व्हिच' कोणाला लागलंय, हे शोधायची सवयच लागत नाही. ओळखीचा शब्दसुद्धा मराठी टेकूशिवाय तिला परका वाटतो. अनसीनवर पेन्सिल नसते, आणि मॅडम उतारा वाचतात तेव्हा तर कागदही समोर नसतो. म्हणजे १५ पैकी ४ आणि कोरा कागद ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे.

आम्ही ज्या क्लासला फी भरली, तिथे वर्षभर हेच चाललं. सर खुर्चीवरून अर्थ सांगणार, पोरं उतरवणार, तास संपला. घरी पुस्तक भरलेलं दिसतं, पालक खूश. अनसीन सोडवून घ्या म्हटलं की 'ते शेवटी घेऊ'. शेवटी काय घेतलं? गाइडातल्या उत्तरांचं पाठांतर. तक्रार केली तर 'तुमच्या मुलीचा बेसच कच्चा आहे'. अहो, कच्चा आहे म्हणूनच तर पाठवली ना बाप्पा! असो.

या उतरवण्याचं मोल गुणांत किती, तेही बघा. भाषांतराच्या प्रश्नाला ८० पैकी ५. त्यात शब्दांना २, वाक्यांना २ आणि म्हण किंवा वाक्प्रचाराला १. उलट अनसीनला १५: उताऱ्यावरच्या कृतींना १० आणि त्याच उताऱ्याच्या सारांशाला, शीर्षकासकट, ५. एक उतारा नीट समजला की १५ गुणांचं काम होतं आणि नाही समजला तर पंधराही जातात. धड्यांवरचे दोन उतारे मिळून २०, तिथेही अर्थ विचारत नाहीत, कृती विचारतात. पाच गुणांसाठी वर्षभर पेन्सिल झिजवायची, हा हिशेब मला तरी पटत नाही.

तर पहिलं काम, खोडरबर घ्या. रोज एक धडा, वरचं सगळं मराठी पुसायचं. पुसताना जे पाच-सहा शब्द तिला खरंच येत नाहीत तेवढे वहीच्या शेवटच्या पानावर घ्यायचे, आणि नुसता शब्द नि अर्थ नाही, धड्यातलं पूर्ण वाक्य लिहून घ्यायचं. मग परिच्छेद मनात वाचायचा आणि पुस्तक मिटून त्यात काय होतं ते मराठीत एका वाक्यात सांगायचं. मराठी बंद करा, घरी इंग्रजीच बोला, असले उपदेश मी करत नाही. मराठीनेच समजतं माणसाला. फक्त ते वाक्य संपल्यावर यावं, शब्दाशब्दाला येऊ नये. पुस्तक कोरं दिसलं की शिकवणीचे सर रागावतील. रागावू द्या.

अनसीनच्या सरावाला गाइड घेऊ नका, त्यात उताऱ्याखालीच उत्तरं असतात. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर इंग्रजी माध्यमाची सहावी-सातवीची विज्ञान आणि भूगोलाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती घ्या. बहिणीने हा विषय मराठीत शिकलेला असतो, म्हणून 'इव्हॅपरेशन' पहिल्यांदा दिसलं तरी आजूबाजूला पाणी, ऊन, वाफ पाहून ती ओळखते. अनोळखी शब्दाचा अंदाज बांधायची सवय अशीच लागते. रोज दोनशे-अडीचशे शब्दांचा एक तुकडा पुरे. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात नको. अनोळखी शब्दाखाली रेघा मारत बसली की पान रेघांनीच भरतं आणि जीव घाबरतो.

परीक्षेत १८० मिनिटांत ८० गुण, म्हणजे १५ गुणांच्या अनसीनला तीसेक मिनिटं येतात. आधी उताऱ्यावरच्या ए-वन ते ए-फाइव्ह या पाच कृती वाचायच्या, मग उतारा. प्रत्येक कृतीला २ गुण. ए-वन साधी असते, उत्तर उताऱ्यात जसंच्या तसं सापडतं. ए-टूमध्ये पोरं ओळ उचलून उतरवतात आणि 'आय', 'माय' तसंच ठेवतात. तिथे 'द रायटर' किंवा 'ही', 'हिज' करावं लागतं. ए-थ्री शब्दांची. विरुद्धार्थी शब्द उताऱ्यातून शोधा म्हटलं असेल तर दिलेला शब्द विशेषण आहे की क्रियापद ते पाहायचं आणि त्याच जातीचा शब्द शोधायचा, निम्मं काम तिथेच होतं. ए-फोर व्याकरण, सूचना दोनदा वाचायची. ए-फाइव्ह तुमच्या मताची असते, आणि हीच सर्वांत जास्त कोरी सुटते, कारण तिचं उत्तर गाइडात मिळत नाही. साधी तीन-चार वाक्यं स्वतःच्या मनाने लिहायची, 'आय थिंक' म्हणून सुरुवात, 'बिकॉज' लावून एक कारण. शेवटी सारांश: उताऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, उदाहरणं आणि आकडे गाळून. शीर्षक विसरू नका.

आता ऐकण्याचं. हे २० गुण म्हणजे ऐकणं-बोलणं. लोक त्यांना फुकटचे म्हणतात, शाळा देऊनच टाकते म्हणतात. काही शाळा देतातही. पण मार्च २०१९ च्या परीक्षेला हे २० गुण नव्हते, राज्याचा दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी ते परत आणले. गुणांपुरतं सोडा, अकरावी-बारावीलाही इंग्रजीची तोंडी आहेच, आणि पुढे नर्सिंगला गेली काय, पॉलिटेक्निकला गेली काय, वर्गात इंग्रजी कानावरच येणार.

'इंग्रजी बातम्या लावून ठेव, आपोआप कान तयार होतो' असं सगळे सांगतात. माझं मत विचाराल तर ते फुकट आहे. कापूस वेचताना खिशात फोन बडबडत राहिला तर फक्त बॅटरी उतरते. खाली इंग्रजी अक्षरं येणारे व्हिडिओ त्याहून वाईट, तिथे कान झोपतो आणि डोळा वाचतो. ही पेन्सिलीचीच दुसरी तऱ्हा. पंधरा-वीस मिनिटं, पण लक्ष देऊन, एवढं पुरे.

परीक्षेत आवाज लंडनचा नसतो, तुमच्याच शाळेच्या मॅडमचा असतो. म्हणून सरावही तशाच आवाजाचा करा. गावातला कॉलेजचा कोणी मुलगा, नात्यातली डीएड झालेली ताई, ज्यांचं वाचन बरं आहे त्यांना नववीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचून व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज करायला सांगा. डेटा फारसा खात नाही, एकदा उतरला की रेंज गेली तरी वाजतो. वाचणारे दोन-तीन वेगवेगळे असावेत, एकाच आवाजाची सवय होते.

पहिल्यांदा पूर्ण ऐकायचं, काही लिहायचं नाही, मराठीत एका ओळीत सांगायचं कशाबद्दल होतं. दुसऱ्यांदा तुम्ही काढलेल्या चार प्रश्नांची उत्तरं. तिसऱ्यांदा त्यातली चारच वाक्यं, एकेक थांबवून, ऐकलं तसं वहीत उतरवायची. मग पुस्तक उघडून लाल पेनाने तपासायचं. समजा वाक्य होतं 'दे हॅड टू लीव्ह ॲट वन्स', आणि तिने 'दे हॅड लिव्ह ॲट वन्स' लिहिलं. 'टू' गळालं आणि 'लीव्ह'चं 'लिव्ह' झालं. प्रत्येक चुकीपुढे लिहायचं: शब्दच माहीत नव्हता, की माहीत होता पण ऐकू आला नाही, की फक्त स्पेलिंग चुकलं. मधला प्रकार हीच कानाची खरी कमजोरी, त्याच वाक्यांवर परत यायचं. शेवटी रेकॉर्डिंगसोबत मोठ्याने वाचायचं.

कुठे गळतं तेही सांगतो. 'टू', 'ऑफ', 'अँड', 'हॅज' हे शब्द बोलताना अर्धेच उच्चारतात. 'पिक इट अप'चं 'पिकिटप' होतं, 'नॉट ॲट ऑल'चं 'नॉटॅटॉल'. 'वॉक्ड'च्या शेवटी नुसता एक 'ट' येतो, तो निसटला की भूतकाळच गेला. आकड्यांत 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी': पहिल्यात जोर शेवटाकडे आणि 'टीन' लांब, दुसऱ्यात जोर सुरुवातीला आणि 'टी' आखूड. वेळेत 'क्वार्टर टू फाइव्ह' म्हणजे पावणेपाच. आपली पोरं 'क्वार्टर' ऐकलं की सव्वापाच लिहून मोकळी होतात. आणि ऐकण्याच्या प्रश्नातली नेहमीची फसवणूक: 'मीटिंग सोमवारी होती, पण आता बुधवारी ठेवली आहे.' जो वार आधी कानावर पडला तोच लिहिला की गेला गुण. 'बट', 'ॲक्चुअली', 'इन्स्टेड' आलं की पेन थांबवून पुढचं ऐकायचं. उतारा सुरू व्हायच्या आधी प्रश्न हातात असतील तर रिकाम्या जागेत काय बसेल, आकडा की नाव की जागा, ते हलकंच खुणेने लिहून ठेवायचं.

महिनाभराने हे सोपं वाटू लागलं तर ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश टीन्स या संकेतस्थळावर ए-वन, ए-टू पातळीचे (म्हणजे सुरुवातीच्या सोप्या पातळ्यांचे, वरच्या कृतींशी या नावांचा संबंध नाही) ऐकायचे पाठ आहेत, प्रश्नांसकट. बीबीसीचा सिक्स मिनिट इंग्लिश हा ऐकायचा कार्यक्रम लगेच देऊ नका, दहावीच्या मानाने तो जड आहे. पुढे द्याल तेव्हा लक्षात ठेवा, सोबत मिळणाऱ्या संभाषणाच्या पीडीएफवरच लिहिलेलं असतं की ही शब्दशः संहिता नाही. उतरवलेलं त्यावरून तपासलं तर पोरगी बरोबर असून चुकीची ठरेल.

हेडफोनचा मोह टाळा. शेवटचे पंधरा दिवस फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून, पंखा चालू, घरात माणसं बोलताहेत, अशा स्थितीतच ऐकवा. वर्गात तसंच असतं. आणि नाही ऐकू आलं तर 'सॉरी मॅडम, कुड यू प्लीज रिपीट?' हे वाक्य जिभेवर बसवा. आपल्याकडच्या पोरी विचारायला लाजतात आणि गप्प बसून गुण घालवतात.

तुम्ही शेवटी वहिनींचं लिहिलंय, त्या १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसताहेत. वाचनाचं वरचंच सगळं त्यांनाही लागू. पण तोंडीचं त्यांना वेगळं पाहावं लागेल. त्यांचे हे २० गुण बोर्डाने दिलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत होतात, आणि ती शाळा घरी फोन करून बोलावेलच असं धरू नका. तारीख फळ्यावर लागते, नियमित मुलांना वर्गात सांगतात, बाहेरच्याला पत्ताच लागत नाही. डिसेंबर संपता संपता स्वतः जा, इंग्रजीची तोंडी कोण घेणार त्या शिक्षकांना भेटा, वहिनींचा मोबाइल नंबर त्यांच्याकडे लिहून ठेवा. आपल्या भागात तेव्हा वेचणी आणि पुढे तुरीची कापणी असते, घरचे म्हणतील नंतर जा. नंतर नको. ऑफिसात 'कळवू' म्हणाले तर बाहेर येऊन फळ्याचा फोटो काढा आणि दर आठवड्याला कोणाला तरी बघून यायला सांगा. आजारपणासारख्या कारणाने तारीख हुकलीच तर लेखी परीक्षेनंतर आउट ऑफ टर्न, म्हणजे हुकलेल्यांसाठी वेगळ्या घेतल्या जाणाऱ्या, परीक्षेची सोय असते, पण त्यासाठी शाळेमार्फतच जावं लागतं, तेव्हा कारणाचा कागद त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.