उजाड वनजमिनीवर कोणती झाडं लावावीत?

तुम्ही विचारलंय की विकसनशील देशात, हातात पैसा कमी असताना, तोडून उजाड झालेली वनजमीन परत उभी करायची तर कोणती झाडं लावावीत.

माझं उत्तर जरा उलटं वाटेल: रोपांची यादी तूर्त बाजूला ठेवा आणि आधी जमिनीतले खुंट मोजा.

मी बरीच वर्षं रोपवनांची कामं जवळून पाहिली आहेत. खड्डे खणण्याआधी 'साफसफाई' म्हणून जी खुरटी झुडपं उपटून टाकतात, ती पुष्कळदा झुडपं नसतातच. तोडलेल्या झाडाचे ते फुटवे असतात. वर गुडघाभर पाला, पण खाली जुनी, खोल गेलेली मुळं. ती उपटायची आणि तिथेच पिशवीतलं वीतभर रोप लावायचं, जे पहिला उन्हाळासुद्धा काढत नाही! फोटो मात्र झकास येतात.

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ हेच सोसत होते; लावलेली बहुतेक रोपं मरत होती. १९८३ मध्ये वाळूत गाडी नीट चालावी म्हणून ते टायरची हवा कमी करायला उतरले, शेजारचं झुडूप निरखून पाहिलं, तर ते खुंटातून फुटलेलं झाड निघालं. असे खुंट शेताशेतात होते, फक्त शेतकरी दरवर्षी ते छाटत. पुढच्या वीसेक वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांनी सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं वाढवली, आणि तीही बहुतांश रोपं न लावता.

काम असं असतं. एका खुंटावर पंधरा-वीस फुटवे असतात. त्यातले सरळ, जोमदार तीन-चार ठेवायचे, बाकीचे धारदार कोयत्याने बुडाशी छाटायचे. ठेवलेल्यांच्या खालच्या निम्म्या उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या काढायच्या. कापताना साल सोलली गेली तर तिथून कूज शिरते, म्हणून बोथट हत्यार नकोच. काही महिन्यांनी नवे फुटवे येतात, तेव्हा परत एक फेरी मारायची. छाटलेलं सरपण ज्याने राखलं त्याच्याच घरी जायला हवं.

खरी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. नायजरमध्ये झाडं सरकारची मानली जात, स्वतःच्या शेतातलं झाड तोडलं तरी दंड. मग झाड मोठं होऊ देईल कोण? अंमलबजावणी सैल झाली, झाड आपलं वाटू लागलं, तेव्हा ही पद्धत गावोगाव पसरली. नेपाळने तर १९९३ च्या वन कायद्यानेच जंगलं गावच्या उपभोक्ता गटांकडे सोपवली. चराई कधी बंद, गवत कोणी कधी कापायचं हे गटच ठरवतात. उपग्रहचित्रांच्या अभ्यासानुसार १९९२ मध्ये देशाचा सुमारे २६ टक्के भाग जंगलाखाली होता, तो २०१६ पर्यंत ४५ टक्के झाला. गावातून शहरात आणि परदेशात गेलेल्या माणसांमुळेही ओस शेतांवर झाडी वाढली, पण राखण गावाचीच.

उलट, उजाड जंगलं परत उभी करण्यासाठी २०११ मध्ये सुरू झालेल्या 'बॉन चॅलेंज' या जागतिक मोहिमेखाली देशांनी मोठमोठे आकडे जाहीर केले. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा त्यातलं जवळपास निम्मं क्षेत्र व्यापारी लागवडीचं निघालं. निलगिरी वाढवून दहा वर्षांनी तोडणं हा धंदा म्हणून ठीक असेल, मी त्याला जंगल म्हणणार नाही.

लागवड कधीच करू नका असं नाही. खाणीची जमीन, वरची माती वाहून गेलेला उतार, जिथे खुंट नाहीत आणि बी येईल असं जंगलही जवळपास नाही, तिथे रोपं लावावीच लागतात, तीही स्थानिक जातींची. आणि मुळातच गवताळ माळ असेल तर त्याला उजाड समजून झाडं कोंबू नका.

तुमच्या जमिनीवर गुरं कोणाची चरतात आणि सरपण कोण नेतं, हे प्रश्नात आलेलं नाही. ते कळवा, मग पुढचं बोलू.