‘गांजा कायदेशीर झाला’ म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्न असा आहे: जर्मनी, कॅनडा, पोर्तुगाल, नेदरलँड्स या सगळ्या देशांबद्दल मराठी बातम्यांत ‘गांजा कायदेशीर’ असेच छापून येते. ते बरोबर आहे का? ‘लीगलायझेशन’ (कायदेशीर करणे) आणि ‘डिक्रिमिनलायझेशन’ (गुन्हा मानणे सोडणे) यांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत का? आणि ‘हेम्प’ला, म्हणजे गांजाच्याच झाडाच्या धाग्यासाठी लावलेल्या, कमी नशेच्या वाणाला, अंबाडी म्हटले तर चालेल का?

पहिल्याचे उत्तर: सरसकट एकच शब्द वापरणे चूक आहे. या चार देशांत झालेल्या गोष्टी एकमेकींसारख्या नाहीत.

कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून परवानाधारक दुकानातून प्रौढ माणूस गांजा विकत घेऊ शकतो. पिकवणारा, विकणारा, घेणारा असे सगळेच कायद्याच्या आत आले. तिथे ‘कायदेशीर’ शब्द शोभतो. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढांना 25 ग्रॅम जवळ बाळगता येतो, घरी तीन झाडे लावता येतात, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून नोंदणीकृत मंडळाचे सभासद होऊन तिथला गांजा घेता येतो; पण दुकानात उघड विक्रीला परवानगी नाही. शिकायला म्युनिकला गेलेल्या मुलाने ‘जर्मनीत गांजा कायदेशीर’ एवढेच वाचले, तर तो रस्त्यावर दुकान शोधेल आणि विकणाऱ्या भलत्याच माणसाच्या नादी लागेल. पोर्तुगालने 2001 साली स्वतःपुरता साठा बाळगणे हा फौजदारी गुन्हा मानणे सोडले, आणि तेही केवळ गांजापुरते नाही, सगळ्याच अमली पदार्थांसाठी. ही सवलत साधारण दहा दिवस पुरेल एवढ्या साठ्यापुरती आहे. पकडलेला माणूस कोर्टाऐवजी एका समितीसमोर जातो. विकणे मात्र आजही तिथे गुन्हाच आहे. नेदरलँड्समध्ये तर विक्री कायद्याने आजही गुन्हाच आहे. ठरावीक ‘कॉफी शॉप’ माणशी पाच ग्रॅमपर्यंत विकतात आणि सरकार ते चालवून घेते. त्या दुकानाला माल पुरवणारा मात्र कायद्याने गुन्हेगारच ठरत आला. डच लोकांकडे या धोरणाला स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडे ‘खपवून घेणे’ त्याच्या अगदी जवळ जाते.

म्हणून माझी सूचना अशी. विक्रीसकट सगळे खुले झाले असेल तर ‘कायदेशीर’ किंवा ‘परवान्याने विक्री सुरू’. बाळगण्याची सोय झाली पण बाजार नाही, तर ‘बाळगण्याची मुभा’. शिक्षा काढली पण मान्यता दिली नाही, तर ‘गुन्हा मानणे सोडले’. कायदा तसाच ठेवून कानाडोळा केला, तर ‘चालवून घेतले’. ‘निर्गुन्हेगारीकरण’ हा शब्द काही ठिकाणी दिसतो. तो उच्चारताना जीभ अडखळते, आणि ऐकणाऱ्याला गुन्हेगार हटवण्याची मोहीम आहे असे वाटते. मराठीत अशी कामे क्रियापदाकडून करून घ्यावीत. नाम बनवण्याच्या हट्टापायी अर्थ हरवतो.

‘वैध’ही इथे नको. पासपोर्ट वैध असतो, तिकीट वैध असते, म्हणजे मुदत आणि नियम पाळून चालू असते.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. ‘कायदेशीर’ला मराठीत मान्यतेचा वास आहे. कायदेशीर वारस, कायदेशीर मालक: ज्याचा हक्क पक्का, तो. त्यामुळे ‘गांजा कायदेशीर करा’ असे कोणी म्हटले, की ऐकणाऱ्या आईबापांना ते ‘गांजा चांगला म्हणा’ असे ऐकू येते आणि चर्चा पहिल्याच वाक्याला तुटते. व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्याचा मुद्दा बहुतेक वेळा एवढाच असतो, की स्वतःच्या घरात स्वतः ओढणाऱ्याला तुरुंगात घालू नका, तो ज्याचा त्याचा प्रश्न. त्यासाठी ‘गुन्हा मानणे सोडा’ ही मागणी पुरते. उलट बाजूची भीतीही खरी आहे: कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढलेला आढळतो, गाडी चालवताना भान सुटते, आणि घरच्यांना भुर्दंड पडतो तो वेगळाच. पण या भीतीतला मोठा भाग जाहिरात करून खप वाढवणाऱ्या बाजाराबद्दल आहे. म्हणजे दोघे बरेचदा दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात आणि एकाच शब्दावरून भांडतात. मला स्वतःला बाळगणाऱ्याची शिक्षा जाणे पटते, खुला बाजार पटत नाही. आणि ही मधली जागा सांगायला भाषेत सोय हवीच.

महाराष्ट्राला ही मधली जागा नवी नाही. आपल्याकडे दारू ज्या कायद्याखाली विकली जाते त्याचे नावच 1949 चा दारूबंदी अधिनियम. बंदीच्या कायद्यातून परवान्याने वाट काढलेली, म्हणून पाटीवर ‘परमिट रूम’. त्याच कायद्यामुळे भांगेलाही इथे परवाना लागतो.

आता भांग आणि गांजा हे एकच का, असेही विचारले जाते. झाड एकच, कायद्याच्या नजरेत वस्तू वेगळ्या. केंद्राचा 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा (एनडीपीएस) गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे असे मानतो आणि चरस म्हणजे झाडापासून वेगळा काढलेला चीक. शेंड्यांशिवाय नुसती पाने किंवा बिया असतील तर त्या गांजात धरत नाही. पानांची भांग त्यातून सुटते ती अशी, आणि ती राज्यांच्या हाती राहते. पोलिसांच्या पंचनाम्यातले ठरलेले वाक्य आठवून पाहा: ‘उग्र वासाचा, हिरवट रंगाचा, पाने, फुले, काड्या, बिया मिश्रित गांजा’. हे ‘मिश्रित’ फार महाग पडू शकते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ‘अल्प प्रमाण’ आणि वीस किलोच्या वर गेला तर ‘व्यापारी प्रमाण’, आणि शिक्षेत जमीन-अस्मानाचा फरक. तेव्हा काड्या-बिया वजनात धरायच्या की नाहीत, यावर वकील भांडतात ते उगीच नाही.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदांतही हा भेद ठळक होता. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या 1893-94 च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने भांग, गांजा, चरस यांचा वेगवेगळा विचार केला आणि सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा असा सल्ला दिला. आज बातमी लिहिताना तिन्हींना ‘गांजा’ म्हणून मोकळे होणे म्हणजे त्या मानाने मागे जाणे आहे.

‘अमली’बद्दल थोडे. मूळ अरबी ‘अमल’, म्हणजे कृती, काम. मराठीत त्याचे राज्यही झाले (पेशव्यांचा अंमल) आणि नशेचा असरही झाला (दारूचा अंमल चढला). अंमलदार आणि अमली पदार्थ एकाच घरातले. ‘अंमली’ असे अनुस्वार देऊन लिहिलेलेही पुष्कळ दिसते, आणि ‘अंमल’ आपण तसाच लिहीत असल्यामुळे मला ते खटकत नाही.

राहता राहिले हेम्प. अंबाडी म्हणजे ज्याची भाजी आणि वाख आपण वापरतो ते जास्वंदीच्या कुळातले झाड, हिबिस्कस कॅनाबिनस. शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ आले ते गांजाच्या झाडाशी साम्य म्हणून. नशेशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत अंबाडीला डेक्कन हेम्प आणि तागाला सन हेम्प म्हणतात, तिथे घोटाळा सुरू होतो. उत्तराखंडात 2018 पासून परवान्याने होणारी हेम्पची शेती मात्र खऱ्या भांगेच्या झाडाची आहे, फक्त नशेचे द्रव्य अगदी कमी असलेल्या वाणाची. तिला ‘धाग्याची भांग’ म्हणावे किंवा सरळ ‘हेम्प’च लिहावे. अंबाडी लिहिली तर विदर्भातला शेतकरी विचारेल, की आमच्या बांधावरच्या भाजीला आता परवाना कशाला?